जोतिबांनी 'गुलामगिरी' ज्यांना अर्पण केली ते अमेरिकेतले 'सदाचारी लोक' नक्की कोण?

डबाखाऊ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

परवा पहिल्यांदा 'गुलामगिरी' हातात घेतली. हो पहिल्यांदाच, चाळिशी उलटल्यावर, शाळेत फक्त नाव आणि साल पाठ केलेलं, १८७३, एक मार्क. आणि अर्पणपत्रिकेवरच अडकलो. युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांनी गुलामांना सोडवायच्या कामी जे औदार्य आणि परोपकारबुद्धी दाखवली त्याबद्दल हे पुस्तक त्यांना, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत त्यांचा कित्ता गिरवावा, असं काहीसं. पुण्यात बसलेला एक माणूस कधी न पाहिलेल्या देशातल्या माणसांना पुस्तक देतो हे वाचून जरा थांबलोच.

आता हे ऑफिसात डब्याच्या वेळी बोललो तर आमचा एक मित्र (सगळं माहीत असलेला, प्रत्येक ऑफिसात एक असतो) म्हणाला, कसले सदाचारी, ते तिथलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध जकातीवरून आणि कापसावरून झालं, गुलामांचं नाव नंतर चिकटवलं. मला काही उत्तर देता आलं नाही कारण माझं ज्ञान लिंकनपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. पण जोतिबा 'लोकांनी' म्हणतात, अनेकवचन आहे. तर हे लोक कोण? किती होते? काय करायचे म्हणजे नक्की काय करायचे, भाषणं? मोर्चे? आणि अजून एक, आमच्या नगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरारबाईंची मुलींची शाळा होती, सावित्रीबाई तिथे शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला आल्या होत्या असं म्हणतात, मग ही मिशनवाली मंडळी त्याच चळवळीतली का?

विकी वाच असं सांगू नका, वाचलं, डोकं भणभणलं. गोष्टीसारखं सांगा.

जुनीवही

अनेकवचन पकडलंत हे झकास केलंत, सगळी मेख तिथेच आहे.

आधी लिंकनला बाजूला ठेवू. तो या चळवळीतला माणूसच नव्हता. गुलामगिरी वाईट असं तो म्हणायचा, पण त्याच्या पक्षाचं म्हणणं एवढंच की नव्या प्रदेशांत तिला पसरू देऊ नका, जिथे आहे तिथे घटनेमुळे आपल्याला हात लावता येत नाही. अबोलिशनिस्ट म्हणजे जे म्हणायचे की आहे तिथेच, आत्ता, आणि मालकांना एक पैसा भरपाई न देता बंद करा. यातला 'आत्ता' हा शब्द लक्षात ठेवा, भांडण सगळं त्या एका शब्दावरून.

कारण 'हळूहळू'वाले त्याआधी होतेच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १६८८ सालीच जर्मनटाऊनला निषेधाचा कागद लिहिला होता. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये कायदा केला, पण कसा? आज जे गुलाम आहेत ते गुलामच राहणार, यापुढे त्यांना जी मुलं होतील ती २८ वर्षं राबल्यावर सुटणार. न्यूयॉर्कमध्ये शेवटचे गुलाम १८२७ ला सुटले. म्हणजे उत्तरेतही होतं बरं का हे सगळं, आपल्याला उगाच वाटतं फक्त दक्षिणेत होतं. आणि १८१६ पासून दुसरी एक टूम निघाली, सुटलेल्या काळ्यांना जहाजात घालून आफ्रिकेत पाठवा, त्यातूनच लायबेरिया झाला. यात मोठमोठे प्रतिष्ठित गोरे होते, आपण फार दयाळू आहोत असं त्यांना वाटायचं. १८१७ च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या बेथेल चर्चमध्ये सुमारे ३ हजार काळे लोक जमले आणि विचारलं, कोण कोण जायला तयार आहे, तर एकसुद्धा माणूस निघाला नाही. आमच्या बापजाद्यांच्या घामावर हा देश उभा राहिलाय, आम्ही का जायचं, असा साधा मुद्दा.

तर चळवळीची सुरुवात खरं म्हणजे अशा लोकांपासून मोजायला हवी. बॉस्टनच्या बंदराजवळ डेव्हिड वॉकर नावाचा एक काळा माणूस जुन्या कपड्यांचं दुकान चालवायचा. त्याने १८२९ ला एक पत्रक काढलं, भाषा अशी जळजळीत की दक्षिणेतल्या राज्यांनी ते जवळ बाळगणाऱ्यांसाठी नवे कायदे केले. तो ते खलाशांच्या हाती दक्षिणेतल्या बंदरांत पोचवायचा, कपड्यांच्या अस्तरात शिवून द्यायचा असंही सांगतात. वर्षभरात तो वारला.

मग आला विल्यम लॉइड गॅरिसन, गोरा, गरीब घरचा, छापखान्यात खिळे जुळवून वर आलेला. हाही आधी त्या आफ्रिकेत-पाठवा मताचाच होता, काळ्या लोकांच्या संगतीत राहून ते मत बदललं. १ जानेवारी १८३१ ला बॉस्टनमधून त्याने 'लिबरेटर' साप्ताहिक सुरू केलं आणि पहिल्याच अंकात सांगून टाकलं की मी एक इंचही मागे हटणार नाही. सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार कोण, तर काळे. फिलाडेल्फियाला जेम्स फोर्टन म्हणून जहाजांची शिडं बनवणारा एक श्रीमंत काळा कारखानदार होता, त्याने आधीच पैसे पाठवून दिले होते. तेव्हा 'परोपकारी गोरे' एवढंच चित्र डोळ्यासमोर असेल तर ते आधी पुसा. पेपर चालला ३५ वर्षं, एक आठवडा न चुकता, १८२० अंक, आणि १८६५ च्या डिसेंबरात काम झालं म्हणून बंद केला. काम झालं म्हणून बंद केलेला पेपर मी तरी दुसरा ऐकला नाही.

काय करायचे म्हणून विचारलंत. छापायचे आणि मार खायचे. १८३५ ला त्यांनी टपालाने दक्षिणेत ढिगाने पत्रकं पाठवली, तर चार्ल्सटनला जमावाने पोस्टात घुसून थैल्या पळवल्या आणि भर चौकात होळी केली, आणि वॉशिंग्टनमधल्या पोस्टाच्या मुख्य मंत्र्याने त्याकडे चक्क काणाडोळा केला. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये, म्हणजे उत्तरेत, गॅरिसनला दोरी बांधून रस्त्यावरून फिरवला, जीव वाचवायला शेवटी रात्री तुरुंगात ठेवावं लागलं. जॉर्जियाच्या विधिमंडळाने तर त्याला पकडून आणणाऱ्याला ५ हजार डॉलर जाहीर केलेले. इलिनॉयमध्ये ऑल्टन गावी एलिजा लव्हजॉय नावाच्या संपादकाची छपाई यंत्रं जमावाने तीनदा फोडली, चौथं यंत्र राखत असताना ७ नोव्हेंबर १८३७ ला त्याला गोळी घातली. फिलाडेल्फियात यांनी सभांसाठी स्वतःचा मोठा हॉल बांधला, १४ मे १८३८ ला उघडला, १७ तारखेला जाळला. चार दिवस!

आणि इथेच डाव उलटला. उत्तरेतल्या सामान्य गोऱ्याला गुलामांचं काही पडलेलं नव्हतं, पण टपाल जाळतात, छापखाने फोडतात, संसदेत या विषयावर आलेले अर्ज न वाचता बासनात टाकायचा नियम करतात (१८३६ ते १८४४ होता हा नियम, माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स म्हातारपणी एकटा त्याच्याशी भांडत बसला), हे बघून त्याला वाटायला लागलं की ही मालक मंडळी आता आपल्याही तोंडाला कुलूप लावणार. चळवळीच्या भाषणांनी जेवढे लोक जोडले नसतील तेवढे चळवळीच्या शत्रूंनी जोडून दिले.

फरारबाईंचं उद्या लिहितो, जेवायला हाक आलीय.

कडूकारलं

जुनीवही, छान लिहिलंय, पण गोष्टीसारखं सांगताना जरा जास्तच आरती होतेय म्हणून विरजण घालतो.

हे लोक होते किती? १८४० ला यांच्यातल्या काहींनी पक्ष काढून जेम्स बर्नीला राष्ट्राध्यक्षपदाला उभं केलं. सुमारे २४ लाख मतांपैकी त्याला मिळाली ७ हजाराच्या आसपास. डिपॉझिट वगैरे भानगड तिकडे नसावी नाहीतर गेलंच असतं. आणि एवढेसे असून आपसात भांडणं किती! बायकांना कमिटीत घ्यायचं का यावरून १८४० ला संघटना फुटली. निवडणूक लढवायची का यावरून भांडण. घटना ही गुलामगिरीची पाठराखीण आहे का विरोधी आहे यावरून भांडण. गॅरिसनने ४ जुलै १८५४ ला भर सभेत घटनेची प्रत जाळली, त्याच्या मते घटनाच सडकी आहे, मत द्यायलाही जाऊ नका.

दुसरं म्हणजे यांच्या समोर काय होतं ते बघा. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख गुलाम. १७९३ ला सरकी काढायचं यंत्र आलं, कापूस परवडायला लागला, बाहेरून माणसं आणायला १८०८ पासून बंदी होती तरी १८६० ला आकडा ३९ लाखांच्या वर. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त कापूस. या माणसांची बाजारभावाने किंमत केली तर देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांपेक्षा जास्त भरायची. चळवळ सुरू असताना ती गोष्ट कमी होत नव्हती, दर वर्षी वाढत होती. तीस वर्षं भाषणं करून एकही दक्षिणी राज्य हललं नाही. शेवटी सोडवलं ते युद्धाने, ६ लाखांवर सैनिक मेले तेव्हा.

आणि त्यातही लिंकनने ऑगस्ट १८६२ ला जाहीर पत्रात लिहिलंय की एकही गुलाम न सोडता संघराज्य वाचत असेल तर तसं करीन, सगळे सोडून वाचत असेल तर तसं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजधानीतले गुलाम सोडले तेव्हा भरपाई दिली, डोई ३०० डॉलरपर्यंत, पण कुणाला? मालकांना. ज्याने आयुष्यभर फुकट राबवलं त्याला नुकसानभरपाई. १ जानेवारी १८६३ च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यातून केंटकी, मेरीलँड, डेलावेअर, मिसुरी वगळलेले, कारण ती राज्यं लिंकनच्या बाजूने होती. तेव्हा सदाचार वगैरे जरा जपून.

सुईदोरा

कारलंभाऊ, 'बायकांना कमिटीत घ्यायचं का यावरून फुटली' हे तुम्ही एका ओळीत उरकलंत, मी तिथेच थांबणार आहे :)

संसदेत जे अर्ज बासनात टाकले जायचे ते गोळा कोण करत होतं? बायका. मताचा अधिकार नाही, लग्न झालं की स्वतःच्या नावावर मालमत्तासुद्धा बहुतेक राज्यांत नाही, मग उरतं काय, सही. दारोदार फिरून लाखो सह्या जमवल्या. पुरुषांनी दारातून हाकलून द्यायचं आणि बाईने मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन घरातल्या बाईशी बोलायचं, हे तर कुठल्याही चळवळीत काम केलेल्या बाईला सांगायलाच नको. पैसा कुठून आला? बॉस्टनला दरवर्षी ख्रिसमसच्या सुमारास मारिया वेस्टन चॅपमन आणि मैत्रिणी जत्रा भरवायच्या, वर्षभर शिवलेले विणलेले रुमाल, पिशव्या, टाचणीच्या उशा, त्याच्यावर संदेश भरतकामात. भाषणं झाली पुरुषांची आणि हॉलचं भाडं गेलं या रुमालांतून. फिलाडेल्फियात १८३३ ला बायकांची वेगळी संघटना निघाली, त्यात ल्युक्रेशिया मॉट ही गोरी क्वेकर आणि वर ज्याचं नाव आलं त्या जेम्स फोर्टनच्या घरच्या बायका एकत्र. एका टेबलाशी बसणं हेच तेव्हा भयंकर होतं. तो जो हॉल जाळला ना, त्याआधी आत बायकांचीच परिषद सुरू होती, बाहेर दगड पडत होते आणि या काळ्यागोऱ्या बायका एकमेकींच्या हातात हात घालून बाहेर पडल्या.

आणि ग्रिमके बहिणी, साराह आणि अँजेलिना. या चार्ल्सटनच्या, गुलाम मालकाच्याच घरातल्या मुली. घर सोडून उत्तरेत आल्या आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला लागल्या. बाईने पुरुषांसमोर भाषण करायचं म्हणजे पाप, पाद्र्यांनी पत्रक काढून झोडपलं. १८३८ च्या फेब्रुवारीत अँजेलिना मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे बोलली. १८४० ला लंडनच्या जागतिक परिषदेत अमेरिकेहून निवडून गेलेल्या बायकांना पडद्याआड बसवलं, गॅरिसन उशिरा पोचला आणि हे बघून स्वतः वर गॅलरीत बायकांबरोबर जाऊन बसला, परिषदेत तोंड उघडलं नाही. त्या गॅलरीतल्या ओळखीतून पुढे आठ वर्षांनी सेनेका फॉल्सची स्त्री-हक्कांची परिषद झाली.

मला स्वतःला जोतिबांनी हा कित्ता का निवडला असेल ते इथे कळतं. मुलींची शाळा आणि शूद्रातिशूद्रांचा प्रश्न एकाच घरात, एकाच चुलीशेजारी चालवणारं जोडपं होतं ते.

डबाखाऊ

बापरे, मी दुपारी धागा टाकून मीटिंगला गेलो आणि येऊन बघतो तर एवढं! सगळ्यांना दंडवत. एक बाळबोध शंका, हसू नका. ती 'भुयारी रेल्वे' म्हणतात ती खरंच होती का? म्हणजे जमिनीखालून? मी परवापर्यंत तसंच समजत होतो.

रॉचेस्टरकर

हसत नाही, माझ्या मुलीलाही इथल्या शाळेत पहिल्यांदा ऐकल्यावर तसंच वाटलेलं. ना भुयार ना रेल्वे. पळून आलेल्या माणसाला एका घरातून दुसऱ्या घरात, चर्चमध्ये, गवताच्या गाडीत लपवून कॅनडाकडे सरकवायचं जाळं, त्याला कोडभाषा रेल्वेची, घर म्हणजे स्टेशन, नेणारा तो कंडक्टर. हॅरिएट टबमनचं नाव ऐकलं असेल, १८४९ ला मेरीलँडहून स्वतः पळाली आणि मग सुमारे १३ वेळा परत जाऊन ७० च्या आसपास माणसं काढून आणली. आकडा लहान वाटतो ना? ३९ लाखांतले ७०. पण प्रत्येक फेरीत पकडली गेली असती तर काय झालं असतं याचा हिशोब करा.

पण मला सांगायचीय ती गोष्ट विल्यम स्टिलची. फिलाडेल्फियात चळवळीच्या ऑफिसात हा कारकून होता, काळा, त्याची आई बऱ्याच वर्षांपूर्वी पळून आलेली, येताना दोन मुलगे मागे राहिले होते, ते दूर दक्षिणेत विकले गेले. विल्यम त्यानंतर जन्मलेला. १८५० ला पीटर नावाचा एक पन्नाशीचा माणूस ऑफिसात आला, अलाबामातून, पै पै जमवून स्वतःला विकत घेऊन सुटलेला, आता आईबापांना शोधतोय. विल्यम नेहमीसारखं विचारत बसला, नाव काय, कुठचे, आईबापांची नावं काय. आणि तो जी नावं सांगायला लागला ती विल्यमच्या स्वतःच्या आईबापांची. टेबलाच्या पलीकडे त्याचा सख्खा भाऊ बसलेला, चाळीस वर्षांनी.

त्यानंतर स्टिलने येणाऱ्या प्रत्येकाची नोंद बारकाईने ठेवायला सुरुवात केली. खरं नाव, घेतलेलं नवं नाव, कुठून आला, मालक कोण, मागे कोण कोण राहिलं. का तर पुढे कुणी शोधत आलं तर सापडावं. पकडली असती तर ही वही म्हणजे फाशीचा दोर, म्हणून लपवून ठेवलेली. १८७२ ला त्याचं पुस्तक छापलं, म्हणजे 'गुलामगिरी'च्या एकच वर्ष आधी. जोतिबांना ते माहीत होतं असं मी म्हणत नाही, पण जवळजवळ एकाच वेळी पृथ्वीच्या दोन टोकांना ही दोन पुस्तकं छापखान्यात होती हे मला आवडतं.

आता माझ्या गावाबद्दल, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, कारण आयडीच तसा घेतलाय. फ्रेडरिक डग्लस इथला. मूळचा मेरीलँडचा गुलाम, बाल्टिमोरला लहानपणी मालकीणबाई अक्षरं शिकवायला लागली तर नवऱ्याने झापलं की हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोराने ते ऐकलं आणि बाहेर पडायची वाट हीच हे त्याला समजलं, मग रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून शिकला. (दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहायला वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. विद्येची बंदी आपल्याला नवी नाही.) ३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाचे कपडे आणि दुसऱ्याचे उसने कागद घेऊन तो आगगाडीत बसून पळाला. पुढे आत्मचरित्र लिहिलं १८४५ ला, तर नावगाव सगळं उघड झाल्याने पकडले जायची भीती, म्हणून आयर्लंड-इंग्लंडला गेला, तिथल्या मित्रांनी १५० पौंड गोळा करून त्याला त्याच्या मालकाकडून विकत घेतला आणि मुक्त केला. यावरही गॅरिसनच्या काही लोकांनी नाक मुरडलं, पैसे दिले म्हणजे मालकी मान्य केली म्हणे! तत्त्वनिष्ठा बरी असते, विशेषतः दुसऱ्याची मान अडकलेली असताना.

मग १८४७ ला तो रॉचेस्टरला आला आणि स्वतःचा पेपर काढला, 'नॉर्थ स्टार', ध्रुवतारा, कारण रात्री पळणाऱ्याला तोच वाट दाखवायचा. गॅरिसनला ते रुचलं नाही, आपल्या सभांत अनुभव सांगणारा माणूस स्वतःचं मत मांडायला लागला की असं होतंच. दोघांचं नंतर फाटलं. ५ जुलै १८५२ ला इथल्या कोरिंथियन हॉलमध्ये स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं तर त्याने विचारलं, तुमचा हा ४ जुलै गुलामाला काय कामाचा? ४ तारखेला बोलला नाही, मुद्दाम ५ ला. त्याचं थडगं इथे माउंट होप दफनभूमीत आहे, हिवाळ्यात बर्फ झटकून नाव वाचावं लागतं. कुणी आलं तर घेऊन जाईन.

जुनीवही

स्टिलची गोष्ट माहीत असूनही परत वाचताना गलबललं.

फरारबाईंचं राहिलं होतं. सिंथिया फरार १८२७ ला मुंबईला आल्या, १८३९ पासून नगर, आणि त्यांच्या शाळांचा जोतिबांवर परिणाम झाला हे खरंच. पण मिशनरी म्हणजे अबोलिशनिस्ट असं धरून चालू नका. त्यांना पाठवणारं बॉस्टनचं जे अमेरिकन बोर्ड होतं ते गुलाम मालकांकडून देणग्या घ्यायचं आणि या विषयावर तोंड उघडायला टाळाटाळ करायचं, म्हणून चिडून चळवळीतल्या लोकांनी १८४६ ला वेगळी मिशनरी संस्था काढली. एकट्या बाईंचं मत काय होतं ते यावरून ठरत नाही, पण संस्थेचा हात असा दगडाखाली होता.

आणि कारलं, तुमचा '३० वर्षांत एकही राज्य हललं नाही' हा मुद्दा बरोबर आहे पण अर्धा. १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा बघा. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येणार नाही, ज्युरी नाही, निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस परत पाठवला तर १० डॉलर फी आणि सोडला तर ५. सरळ लाच कायद्यात लिहिलेली! हा कायदा दक्षिणेने मागितला कशासाठी? कारण माणसं पळत होती आणि त्यांना लपवणारे होते. १८५४ ला अँथनी बर्न्स नावाच्या तरुणाला बॉस्टनमधून जहाजावर न्यायला सैनिकांच्या रांगा लावाव्या लागल्या, रस्त्याच्या कडेला हजारो लोक 'शेम शेम' ओरडतायत, इमारतींवर काळी फडकी. ज्या बॉस्टनने १९ वर्षांपूर्वी गॅरिसनला दोरी बांधली तेच बॉस्टन. पुढच्या वर्षी लोकांनी पैसे जमवून बर्न्सला सोडवून आणला. राज्यं हलली नसतील, माणसं हलली.

पांढरंसोनं

थोडं अवांतर पण कापसाचं नाव निघालं आणि मी गप्प बसलो तर वऱ्हाडचं नाव खराब व्हायचं.

त्या युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि भाव गेला आभाळाला, मग खानदेश वऱ्हाड गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावरून धो धो निघाला. १८६१ ते ६५ मुंबईत पैशाचा पाऊस, प्रेमचंद रायचंद, बॅकबे रिक्लमेशनचे शेअर, ज्याच्या त्याच्या तोंडी कंपनी. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेने शरणागती पत्करली आणि मुंबईचा फुगा फट्कन फुटला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याकडे भाव पडल्यावर राहिलं काय तर सावकाराचं कर्ज आणि वाढलेला सारा, १८७५ च्या सुप्याच्या आणि नगर-पुण्याकडच्या दंग्यांच्या कारणांत हेही एक मोजतात. तिकडे माणूस सुटला आणि इकडे बाजार कोसळला, दोन्ही एकाच तारेवरून आलेल्या बातम्या.

म्हणजे डबाखाऊंच्या मित्राचं 'कापसावरून' हे अगदीच खोटं नाही हां, फक्त त्याला वाटतं तसं नाही. कापूस म्हणजेच गुलाम होते.

सुईदोरा

पांढरंसोनं, त्याच्याही आधीचं एक सांगते, १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्या चळवळीतल्या बायका वेस्ट इंडीजची साखर घरात आणायच्या नाहीत, साखरेच्या भांड्यांवर छापलेलं असायचं की ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी बनवलेली नाही. अमेरिकेतही क्वेकर लोकांनी गुलामांच्या कापसाचा कपडा नको म्हणून वेगळी दुकानं काढली. फारशी चालली नाहीत, कपडा महाग आणि जाडाभरडा. आपल्या इथल्या शेतमजुराची अवस्था त्या भांड्यावर कोण छापणार होतं म्हणा.

कडूकारलं

मित्राचा विषय निघालाच आहे तर त्याचं उत्तर मीच देतो, माझी ख्याती विरोधासाठी विरोध करणारा अशी झालीय ती जरा धुवून काढतो.

जकातीवरून युद्ध झालं म्हणणाऱ्याला काही समजावू नका, फुटून निघालेल्या राज्यांचे स्वतःचे कागद वाचायला द्या. साउथ कॅरोलायना डिसेंबर १८६० ला बाहेर पडली, तिने कारणं लिहून ठेवलीत, मुख्य तक्रार ही की उत्तरेतली राज्यं आमचे पळालेले गुलाम परत देत नाहीत आणि अबोलिशनिस्टांच्या संघटनांना मोकळं रान देतात. मिसिसिपीने तर सुरुवातीलाच सांगितलंय की आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. या फुटीर राज्यांच्या नव्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ ला सव्हानाच्या भाषणात म्हणाला की आमच्या नव्या सरकारचा कोनशिलेचा दगडच हा की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. आता ज्यांनी युद्ध केलं तेच सांगतायत कशासाठी केलं, तर आपण डब्यातली चपाती मोडत दुसरं कारण का शोधायचं.

आणि हो, मी वर लिंकनचं पत्र टाकलं त्यात एक गोष्ट मुद्दाम गाळली होती, जुनीवही पकडतील म्हणून वाट बघत होतो. ते पत्र लिहिलं तेव्हा जाहीरनाम्याचा मसुदा त्याच्या खणात तयार होता, जुलैतच मंत्रिमंडळाला वाचून दाखवलेला. आणि त्याच्याही आधी, मे १८६१ मध्ये, व्हर्जिनियात तीन गुलाम रात्री होडी वल्हवत उत्तरेच्या फोर्ट मन्रो किल्ल्यावर आले. मालकाचा माणूस परत मागायला आला तर जनरल बटलर म्हणाला ही शत्रूची मालमत्ता, जप्त. त्यांच्या मागोमाग शेकडो, मग हजारो लोक आले. पुढे १ लाख ८० हजारांच्या आसपास काळे सैनिक लढले. लिंकनला निर्णय घ्यायला लावणाऱ्यांत ते तीन वल्हवणारेही धरा.

गुलामगिरी बंद करणारी घटनेची तेरावी दुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ ला झाली, ११९ विरुद्ध ५६. ६ डिसेंबरला पुरेशा राज्यांनी मान्य केली. तिच्यात एक वाक्य आहे, गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून. त्या एका वाक्यातून दक्षिणेने पुढे कैद्यांना भाड्याने देऊन काय काय केलं त्यावर वेगळा धागा लागेल. काढणार नाही, कंटाळा.

जुनीवही

पकडणारच होतो, तुम्ही स्वतःच कबूल झालात :)

एकच जोडतो. दुरुस्ती झाल्यावर गॅरिसन म्हणाला संघटना विसर्जित करू, काम संपलं. चळवळीतलाच वेंडेल फिलिप्स आणि डग्लस म्हणाले मताचा अधिकार मिळेपर्यंत कसलं संपलं, आणि १८७० पर्यंत चालवली. १८७० लाच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटमध्ये जाऊन बसला. जोतिबांनी अर्पणपत्रिका लिहिली त्या १८७३ मध्ये चित्र असं होतं, कालचे गुलाम मत देतायत, निवडून येतायत. १८७७ ला उत्तरेने दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं आणि सगळं पुन्हा फिरलं. ते अजून चार वर्षं लांब होतं.

डबाखाऊ

मंडळी, आज डब्याच्या वेळी साउथ कॅरोलायनाचा कागद मोबाईलवर उघडून मित्रासमोर ठेवला. त्याने दोन मिनिटं वाचला, मग म्हणाला, हे तू कधीपासून वाचायला लागलास. मग लोणचं मागितलं. दिलं.

'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका ओलांडून आता पुढच्या पानावर आलोय. रॉचेस्टरकर, स्टिलच्या त्या भावाची आई तेव्हा जिवंत होती का, भेट झाली का त्यांची?

रॉचेस्टरकर

झाली. न्यू जर्सीत होती, म्हातारी झाली होती पण होती.